माडीवरची मीटिंग

रविवार, ८ जानेवारी १८९३. शहाड.
नवी वही. पहिल्या पानावर गणपती काढला. सोंड वाकडी गेली. हात थंडीने कापतो.
ठाण्याहून लेकीचे, गोदाचे, पत्र. नातवाचे उष्टावण १६ फेब्रुवारीला. गोदाला भाऊ नाही, म्हणून सोन्याच्या अंगठीने बाळाला पहिली खीर चाटवायचा मामाचा मान माझा. पण कार्टीने अट घातली. 'कल्याणला तानाजी मास्तरांच्या माडीवर दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरते. पाच मीटिंगा करा, मास्तरांची चिठ्ठी आणा. नाहीतर अंगठी मामंजींच्या हाती जाईल.' मामंजी! तो माणूस दिवसभर तपकीर ओढतो.
बायकोला, हौसाबाईला, पत्र वाचून दाखवले. अट गाळली. तरी म्हणाली, "आणि अट काय घातलीय?"

त्याच दिवशी, रात्री.
सोडायला माडीवर बोलावतात याचे नवल वाटले, पण शिकलेल्या लोकांची काही पद्धत असेल. कल्याणात माडीचे दुकान एकच. तिथे गेलो. मीटिंग चांगली झाली. सगळे आपले दुःख सांगत होते. उठताना दुकानदाराला विचारले, यातले मास्तर कोण? तो पोट धरून हसला. "आजोबा, ही प्यायची माडी. मास्तरांची माडी जिना चढून, ती समोर. सुटली मघाशीच."
चूक गोदाची. 'वरचा मजला' लिहायला काय झाले होते?

१५ जानेवारी.
मीटिंग पहिली. अकरा मेंबर. सेक्रेटरी खुद्द तानाजी मास्तर. प्रत्येकाने उठून आपली हकिकत सांगायची. ठाकुर्लीचा इनास उठला. "मी इनास. आज घेतली नाही." बसला. दहा महिने म्हणे हेच सांगतो. माझी हकिकत पाऊण तास चालली. मास्तरांनी तीनदा घड्याळ काढले. भारावले असावेत.
प्लेजवर सही केली. 'दारू, ताडी, माडी शिवणार नाही.' नीरेचा उल्लेख नाही. दोनदा वाचून पाहिले.

१९ जानेवारी.
ताडावर चढणारा राघो पहाटे नीरेचे मडके देऊन गेला. नीरा म्हणजे निव्वळ झाडाचा रस. पण एवढी थंड नीरा पहाटे सोसत नाही. अर्धी दुपारी घ्यायची ठरवली.
हौसाबाई म्हणाली, "दुपारी तिला नीरा नाही, ताडी म्हणतात." घरात नीरा म्हणून आली. दुपार झाली म्हणून नाव बदलायचे काय कारण?

२९ जानेवारी.
मीटिंग तिसरी. इनास शेजारी बसला. नाक वर करून म्हणाला, "काका, तोंडात काय?" लवंग, म्हटले. म्हणाला, "लवंग कशावर?" असभ्य माणूस. जागा बदलणार.

५ फेब्रुवारी.
चौथी. मास्तर सर्वांसमोर म्हणाले, या वयात अशी चिकाटी पाहिली नाही. डोळे भरून आले. पुढल्या खेपेस सर्व मेंबरांना माझ्यातर्फे नीरा, असे जाहीर केले. टाळ्या. इनासने वाजवल्या नाहीत.
अंगठी धरायचा सराव करतो आहे. हौसाबाई खिरीऐवजी पाणी देते. धोतर भिजते.

१२ फेब्रुवारी.
पाचवी.
राघोने पहाटे दोन मोठी मडकी आणून दिली. मीटिंग चारला. तोवर ओट्यावर ठेवली. ऊन आले ते लक्षात आले नाही. बैलगाडीत मडकी फसफसू लागली. ताजी असल्याचे लक्षण, असे गाडीवाल्याला सांगितले.
मेंबरांनी दोन-दोन पेले घेतले. मास्तर जन्मात कधी न प्यालेले. त्यांनी चार घेतले, आणि टेबलावर चढून लावणी म्हटली. आवाज चांगला आहे. समोरचा दुकानदार जिना चढून ऐकायला आला.
इनासने पेला ओठांपर्यंत नेला. वास घेतला. त्याचा हात कापू लागला, थेट माझ्यासारखा. थंडी तर नव्हती. मग पेला खाली ठेवून, भिंत धरधरून जिना उतरला. माझ्याकडे बघितले नाही.
चिठ्ठी मिळाली. अक्षर लागत नाही.

१६ फेब्रुवारी. ठाणे.
गोदाने चिठ्ठी सुलटी धरली, उलटी धरली. "बाबा, हे मास्तरांचं अक्षर?" हो, म्हटले. खरे तेच होते. "हात पुढे करा," म्हणाली. केला. अंगठी बोटांत थरथरू लागली. थंडी आहे, म्हटले.
"बाबा, घाम आलाय तुम्हांला."
तिने अंगठी हळूच काढून घेतली. रागावली असती तर बरे झाले असते.
मामंजींनी खीर चाटवली. तपकिरीच्या वासाने बाळ शिंकले. सगळी खीर त्यांच्या पागोट्यावर. लोक हसले. मला आनंद व्हायला हवा होता.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी. शहाड.
राघो आला होता. मडके परत पाठवले. हौसाबाई दारात उभी होती. तिने चहा टाकला.
येत्या रविवारी मास्तरांनी दार उघडले, तर मीटिंग पुन्हा पहिली. इनासच्या शेजारी बसायचे, बसू दिले तर. हकिकत नवी तयार केली. अगदी छोटी. मी दौलत. आज घेतली नाही.
आत्ता सकाळचे सहा वाजले आहेत.