मळ्यातला मान

१५ जाने. ९९, शुक्र.
दौंडहून सकाळीच जीप काढली, न्हावऱ्यावरून शिरूर. मामांनी स्वतः फोन करून बोलावलं, नवलच. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून दीड वर्ष माझ्याशी धड बोलत नव्हते. चिंचवडचे पाहुणे आलेत. कांद्याच्या धंद्यातली ओळख म्हणे. दोन दिवस चिंचोलीच्या मळ्यात मुक्काम, मोर दाखवायचे, निघोजचे रांजणखळगे दाखवायचे. "तुझ्याइतका रस्ता कुणाला म्हाईत हाय?" आणि शेवटी हळूच: मामी आणि त्यांची सुरेखा पण येणार. आईनं न सांगता नवा शर्ट काढून दिला!

मळा माझ्या ओळखीच्या आप्पांचा, पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतात. ज्वारीच्या कडेला कौलारू सहा खोल्या, चिंचेखाली पंगत, चुलीपाशी आप्पांच्या घरच्या काकू. मासवडी, बाजरीची भाकरी, वर ठेचा. सुरेखा वाढत होती. माझ्या ताटात दोनदा रस्सा ओतला, पुरे म्हटलं तरी. "वाळलायस किती," एवढंच बोलली. बास. आता चार दिवस उपाशी ठेवलं तरी चालेल.

१६ शनि.
उजाडताच मोर. पाहुण्यांचा मुलगा अभिजित, कंपनीत इंजिनियर, कॅमेरा घेऊन नुसता पळत होता, मोर त्याच्यापुढं पळत होते. नंतर निघोज. कुंडातलं पाणी हिरवंगार. त्याच्या आईला मीच हात धरून खडकावरून नेलं. "किती गुणी मुलगा," म्हणाल्या. सुरेखा मागं, चपला हातात घेऊन.

परत येताना अभिजित शेजारी बसला. "तुमची बहीण कमी बोलते का हो?"
"बहीण न्हाई. मामाची मुलगी."
"तेच की." हसला.
तेच कसं? शहरातल्यांना काय कळणार. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. शाळेत असल्यापासून सगळे आम्हाला त्यावरून चिडवतात.

दुपारी मामा म्हणाले, स्टेपनी पंक्चर आहे, शिरूरहून काढून आण. गेलो. दोन-अडीच तास मोडले. आलो तर चिंचेखाली सतरंज्या, सगळे बसलेले, सुरेखा हिरव्या साडीत. मामांनी मला पाटावर बसवलं. गंध लावलं. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. पाच माणसांत! असा मान जावयाचा करतात. मी तिथल्या तिथं मामांच्या पाया पडलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी उठून आत गेल्या. सु.नं वर बघितलंच नाही. लाजली असणार.

मग हुरडा. किती खाल्ला ठाऊक नाही. कॉलेज सुटलं, नोकरी नाही, लोक काय काय बोलले, सगळं फिटलं आज.

१७ रवि.
लिहू की नको. लिहितो.

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पोरा, लई मोठ्या मनाचा हायस. आमच्या दिरानं हक्क सोडला न्हाई, चार वर्सं दोन्ही घरं बोलत नव्हती."
"कसला हक्क?"
त्यांचा हात भाकरीवर थांबला. "आरं, काल टॉवेल-टोपी घेतलीस न्हवं? पोरगी बाहेर द्यायची तर आधी आत्याच्या लेकाचा मान करत्यात. त्यानं घेतला म्हंजी तो मोकळा, पोरगी मोकळी. तू गाडी घेऊन गेलास तवाच दाखवली की तिला." मग माझं तोंड बघून, "आगं आई. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

स्टेपनी तपासायचं सुचलंच नव्हतं. मामांनीच खिळा मारला असेल. देव जाणे.

गेलो तसाच. टोपी मामांच्या पायाशी फेकली.
"फसवलंत मला."
"आवाज खाली घे. पाच माणसांत घेतलास, पाया पडलास. मी काय हात धरला हता तुझा?"
"मला म्हाईत नव्हतं!"
"म्हाईत नसायला कुक्कुलं बाळ हायस? कालेजात मास्तरची गचांडी धरलीस, घरी बसलास, आता जीप हाकतोस. कशाच्या जिवावर पोरगी देऊ?"
एवढ्यात अभिजितचे वडील खोलीतून बाहेर आले. मामांनी टोपी उचलली, झटकली, हसून म्हणाले, "या या. च्या झाला का?"

सुरेखा विहिरीपाशी.
"तुला म्हाईत हतं?"
"व्हय."
"कवापासून?"
"दिवाळीपासून."
"आन् परवा हसून वाढत हतीस?"
"मग काय रडत वाढू?" घागर खाली ठेवून, "तुला सांगायचं काम बाबांनी माझ्यावरच टाकलं हतं. मी न्हाई सांगितलं. तू कुणाच्यातरी अंगावर जीप घातली असतीस."
घातली असती. खरंय. म्हणून काय मला पाटावर बसू द्यायचं?
"तो पसंत हाय तुला?"
"हे आज विचारतोस. कालेज सोडताना विचारलंस मला? मी रोज गेटापाशी थांबायचे. तीन आठवडे."
पसंत आहे का नाही ते बोललीच नाही. घागर उचलून गेली.

आणि वर पाहुण्यांना परत सोडायचं पण मीच! वाटेत त्यांना रांजणगावचा गणपती घ्यायचा होता. सगळे आत, मी जीपपाशी. अभिजितनं प्रसाद आणून दिला. खाल्ला मी. का खाल्ला?

१८ सोम. दौंड
आईला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती, मान वर केली नाही.
"तुला पण म्हाईत हतं."
"एकच भाऊ हाय मला, रवी."
म्हणजे नवा शर्ट त्या टॉवेल-टोपीसाठी काढला होता.

२५ सोम.
केडगावच्या दोन फेऱ्या. तिसरीत सुट्या पैशावरून एका पॅसेंजरची कॉलर धरली. स्टँडवरची पोरं म्हणाली, याला झालंय काय. कुणाला काय सांगू.

३ फेब्रु., बुध.
मामांचा आईकडं निरोप. लग्न एप्रिलात, शिरूरला. चिंचवडचं वऱ्हाड आप्पांच्याच मळ्यात उतरवायचं, त्यांना तिथलं जेवण फार आवडलं. सगळ्या खोल्या दोन दिवस धरायच्या आणि "ते रवीनंच बघावं, त्याची वळख हाय." आईनं नंबराची चिठ्ठी माझ्या ताटाशेजारी ठेवली.

ठरवलं होतं, फोन करायचाच नाही. धरल्या खोल्या म्हणून मामांना सांगून टाकायचं. वऱ्हाड येऊन मळ्याच्या फाटकात उभं राहू दे, दुसऱ्याच कुणाच्या गाड्या आत लागलेल्या असू देत. मग घाला म्हणावं टॉवेल-टोप्या. सकाळभर या विचारानं बरं वाटत होतं.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवरच्या बूथमध्ये गेलो. कशाला गेलो, माहीत नाही. नंबर फिरवला. काकूंनीच उचलला.
"कोण? रवी व्हय? बोल रं लेकरा."
म्हटलं, खोल्या मोकळ्या आहेत का एप्रिलात. तारीख सांगितली. वही चाळल्याचा आवाज.
"हायत की. सहाच्या सहा. पर धरू का?"
मी हातातली चिठ्ठी उलटी करून बघितली.
"आन् तू सोता येणार का?"
काचेबाहेर दोघं जण थांबले होते. एकानं टकटक केली. काकू तिकडून हॅलो हॅलो करत होत्या आणि मी म्हटलं, "धरा, सहाच्या सहा."