दुर्गाबाईंचा कारखाना

जऊळका, ९ मे

जावईबापू अश्वजितराव यांना पुंजाजीचा सप्रेम जयभीम.

तुमची आणि आमच्या सरिताची तब्येत ठणठणीत असेल असे धरून पुढे लिहितो. आजवर या हातांनी केले ते असे: सायकलच्या चाकावरचे शेंगा फोडायचे यंत्र, विहाराचा लोखंडी जिना (पायऱ्या चौदा, प्रत्येकी सात इंच, मोजून घ्याव्यात), आपोआप बंद होणारे कोंबड्यांचे खुराडे, आणि आता विहाराच्या भाड्याने द्यायच्या भांड्यांचे वेबपान. ज्याबद्दल आपण "मामा, तुमच्याच्यानं होत नाही ते" म्हणाला होतात, तेच.

हल्ली लोक स्वतः पान उघडत नाहीत. फोनला विचारतात, आणि फोनमधले सॉफ्टवेअर त्यांच्या वतीने पाने वाचून उत्तर देते. त्याच्यासाठी पानाच्या पोटात, माणसाला न दिसणारी नोंद ठेवावी लागते: वस्तू कोणती, माप किती, मिळते कुठे. रकाना रकाना मी एकट्याने शिकलो. त्यात 'निर्माता' असा एक रकाना निघाला. आता आपल्याकडे भांड्यावर नाव कोणाचे असते? देणाऱ्याचे. स्वयंपाकाच्या बाराही मोठ्या गंजांवर 'दुर्गाबाई, सन १९९४' कोरलेले आहे. कोरलेले तेच मी लिहिले. विहाराची किल्ली शेजारच्या याच दुर्गाबाईंकडे, म्हणून फोन नंबरही त्यांचाच दिला.

आठ दिवसांत जगभरची सॉफ्टवेअरे सांगू लागली की दुर्गाबाई गंज बनवतात. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याने गॅरंटी विचारली. बाई म्हणाल्या, "कायची ग्यारंटी इचारून राह्यला बाप्पा? तीस वर्षं झाले, एक पोचा नाही त्याले!" (त्याने तिथल्या तिथे साठ गंज मागितले.)

पण भाड्याने भांडी हवी असलेल्यांना फोन सांगे, तिथे कारखाना आहे, भाड्याने काही मिळत नाही. ऐन लग्नसराईत गंज पालथे पडले. विहार समितीचे अध्यक्ष मारोतराव यांनी फर्मावले, बाईचे नाव काढा. दुर्गाबाई येऊन एका गंजावरच बसल्या. "काढ नं! मंग याच्यावरचंबी घासून टाक. दोन वर्षं कापूस येचू येचू घेतले म्या हे, पुंजाजी."

मग मी तीन दिवस रकाने वाचले. 'निर्माता' रिकामा केला, 'वर्णन' या रकान्यात 'दुर्गाबाईंनी विहाराला दिलेला' असे बारा वेळा लिहिले, भाड्याची नोंद वेगळी जोडली. काल मंगरूळपीरचा एक वधूपिता आला. त्याचा फोन सगळ्यांदेखत बोलला: दुर्गाबाईंनी दिलेले बारा गंज रविवारी मोकळे आहेत. बाईंनी फोनकडून ते तीनदा म्हणवून घेतले आणि खुशीत भाडेच माफ करून टाकले. मारोतराव पुन्हा रुसले आहेत.

आपला,
पुंजाजी

ता. क. एवढे शिकलो, पण कुठेतरी एक कंस बंद करायचा राहिला आहे आणि त्यापायी कढयांच्या नोंदी कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येत नाहीत. रविवारी येऊन बघावे. सरिताला मात्र रोडगे खायला बोलावले आहे असेच सांगावे.

आणखी एक. अकोल्याच्या एका भांडी कारखानदाराचा निरोप आला होता: 'निर्माता दुर्गाबाई' तसेच राहू द्या, फक्त फोन नंबर माझा टाका, पैसे देतो. मी नाही म्हणालो. तुमच्या सासूबाईंना हे अजून ठाऊक नाही. एकावन्न हजार रुपये.