प्रिंटरचं कुलूप

२ फेब्रुवारी १९८८. सकाळी ९.
कारखान्याच्या नव्या युनिक्स मशीनसाठी प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे छपाई चालवणारा प्रोग्राम, मी एकट्याने लिहिला. नाशकात दुसरा कुणी दाखवा! दोघांनी एकदम छापायला टाकलेली मालाची चलनं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रोग्रामात कुलूप घातलंय. एकाचं छापून होईस्तोवर बाकीचे थांबतील. मेमरी लागेल तेवढी मागून घेतो. संकल्प: यापुढे चुका काढायच्या त्या इतरांच्या.

९ फेब्रुवारी.
ऑपरेटर सुमनबाई. टेंपररी, एप्रिलात पर्मनंट व्हायच्या. म्हणे, छापताना कागद संपला की मशीन अडकतं, तुमचा प्रोग्राम कुलूप न सोडताच बाहेर पडतो. शिवाय घेतलेली मेमरी परत करत नाही. अहो, काय शहाणपणा! विचारलं, कुठे शिकलात? मॅन्युअल वाचते म्हणाल्या. मॅन्युअल काढून घेतलं.

२६ फेब्रुवारी.
दोन आठवडे मशीन एकदाही अडकलं नाही. वा रे मी! बाईंचं मात्र भलतंच. कागद संपायच्या आधीच नवा गठ्ठा लावतात, डब्याच्या सुट्टीत मशीन बंद करून परत चालू करतात. नुसती लुडबुड. देवरेसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरनी, त्यांच्याबद्दल रिपोर्ट मागितला. खरं तेच लिहिलं: कागद वाया घालवते, वरिष्ठांना शिकवते.

१ मार्च.
बाईंना काढलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली. रडल्या मात्र नाहीत. जरा तरी रडायला हवं होतं. वाईट वाटलं, म्हणून दोनदा चहा घेतला.

२ मार्च.
११.१०. अडकलं. वीज.
११.५०. अडकलं. कागद दमट.
२.३०. अडकलं. गेटवर चौदा ट्रक चलनाविना उभे. बाईंची हाय लागली, दुसरं काय!

६ मार्च. रविवार.
इंदिरानगरला बाईंच्या घरी गेलो. विकायच्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हटलं, झालं गेलं विसरा, मी साहेबांकडे शब्द टाकतो. म्हणाल्या, चूक तुमची होती एवढं कागदावर लिहून द्या. म्हटलं, कसली चूक? त्यांनी पुढची जुडी बांधायला घेतली.

९ मार्च.
टेबलाच्या खणात बाईंची वही सापडली. साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मशीन कधी, का अडकलं, सगळं. शेवटी दुरुस्तीच्या दोन ओळी: कागद संपला तरी कुलूप सोडायचं, काम झालं की मेमरी परत द्यायची. साहेबांनी त्या माझ्याकडून लगेच प्रोग्रामात घालून घेतल्या. मीही नेमकं हेच सुचवणार होतो.

१४ मार्च.
साहेब स्वतः गेले बोलवायला. बाई नाही म्हणाल्या. त्यांची खुर्ची मला दिली. टेंपररी. दुपारी डुलकी लागली आणि कागद संपला. धावलो. मशीन अडकलं नव्हतं.