डोकं ठिकाणावर असल्याची साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षे पासष्ट, सरकारी शाळेतून निवृत्त झालेली जीवशास्त्राची शिक्षिका, मुलांच्या भाषेत माकडबाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. प्रकृती वयाप्रमाणे कुरकुरते, पण बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही; आणायला घरात दुसरं माणूसच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा हौद, माझ्या पश्चात माझ्या भाचीला मिळावं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. बापाने "आत्याकडे जायचं नाही" असं बजावलेलं असताना ती मागच्या दाराने यायची आणि बेडकाला कान कुठे असतात ते विचारून जायची. बँकेत जी काही शिल्लक असेल तीही तिचीच.

या घराची मधली भिंत आणि दादाच्या घराची भिंत एकच आहे. त्या भिंतीत एक दार आहे. अकरा वर्षांपूर्वी दादाने पलीकडून त्याला कपाट लावलं. माझ्या बाजूची कडी मी त्याच आठवड्यात काढून ठेवली, ती आजतागायत लावलेली नाही. दार उघडायचं की नाही हे भाचीने ठरवावं. माझा हुकूम नाही, इच्छा आहे.

कलम २. सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची पेटी आणि माशाचा ठसा असलेला दगड शाळेला द्यावा. दगड मुलांच्या हातात द्यावा, कपाटात कुलूपबंद ठेवू नये.

कलम ३. शाळेत माझा आणि दादाचा वाद झाला, त्या वेळच्या मुख्याध्यापकांना माझी फिरती खुर्ची द्यावी. सकाळी ते मला म्हणाले, "बाई, तुमचंच बरोबर आहे," आणि दुपारी दादाला म्हणाले, "सर, तुमचंच बरोबर आहे." खुर्ची दोन्हीकडे सारखी फिरते. त्यांना आवडेल.

कलम ४. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला तरी चालेल.

दादा त्याच शाळेत प्रार्थनेचा आणि नीतिपाठाचा तास घ्यायचा. आमचे वडील पुस्तकं बांधायचे. "आत काय लिहिलंय ते तुमचं तुम्ही बघा, बांधणी मात्र टिकली पाहिजे," असं ते म्हणत. त्यामुळे दर मोठ्या सुट्टीत शाळेची फाटकी पुस्तकं आम्ही दोघं भावंडं बांधायचो. मी शिवायची, दादा खळ शिजवायचा. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही, ही वडिलांची शिकवण. दादा एक वेळ जेवण विसरेल, मोरचूद विसरणार नाही. माझ्या उत्क्रांतीच्या पाठाचं आणि त्याच्या नीतिपाठाचं पुस्तक एकाच टेबलावर वाळत पडायचं आणि आम्ही चहा प्यायचो. तेवढं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही.

मग पालकांची सभा झाली. सृष्टी देवाने घडवली हेही विज्ञानाच्या तासाला शिकवा, नाहीतर बाईंचा पाठ बंद करा, अशी मागणी होती. दादा पालकांच्या बाजूने उभा राहिला. त्याचा विश्वास खरा होता, हे मी तेव्हाही जाणून होते. मी म्हणाले, "ज्याला उत्तर येत नाही तो देवाचं नाव पुढे करतो." समोर त्याचे विद्यार्थी बसले होते. आईच्या आजारपणात तीन वर्षं रोज पहाटे उठून प्रार्थना करणारा हा माणूस, आणि मी त्याला हे बोलले. मला त्या बोलण्याची लाज वाटते. इथे ते लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगणं जमलं नाही. त्यावर दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "सख्खी बहीण आहे, तरी सांगतो, हिचं डोकं ठिकाणावर नाही."

मग वरून आदेश आला: पाठाची पानं एकमेकांना चिकटवून टाका. एकशे साठ पुस्तकं होती. ते काम दादाकडेच आलं, कारण खळ त्याच्यासारखी कोणाला जमत नव्हती. त्या सुट्टीत त्याने एकट्याने ते केलं.

सुट्टी संपली, पुस्तकं वाटली, आणि पानं आपोआप सुटू लागली. कसरीने खळ खाऊन टाकली होती. बंद केलेलं पान मुलं आधी वाचतात. त्या वर्षी माझा पाठ मी न शिकवता सगळ्यांना पाठ होता. दोन वर्षांनी आदेशही मागे घेतला गेला.

खळीत मोरचूद नव्हता. दादा विसरला, की त्याने मुद्दाम घातला नाही? अकरा वर्षं मी हा प्रश्न उराशी धरून बसले आहे. विचारायला गेले असते, पण "विसरलो" असं उत्तर आलं असतं तर? म्हणून गेले नाही. पहाटे भिंतीपलीकडून त्याची प्रार्थना ऐकू येते. माझा देवावर विश्वास नाही, पण ती प्रार्थना मला शब्दन् शब्द येते. मागच्या थंडीत चार दिवस आवाज आला नाही, तेव्हा मी भिंतीला कान लावून बसले होते. पाचव्या दिवशी खोकला ऐकू आला, मग मी जेवले. दादाशिवाय मला करमत नाही. म्हातारपणी हे लिहायला काय लाजायचं?

कलम ५. दादाला मी काहीही ठेवत नाही. वडिलांचं खळीचं पातेलं आणि ब्रशसुद्धा भाचीलाच. कोणी याचा वाकडा अर्थ काढू नये. वकीलबाई सांगतात की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही घेता येत नाही. आणि मला दादाची सही हवी आहे. साक्षीदाराला लिहावं लागतं की सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर होती. "डॉक्टर लिहून देतील की, भावाचा हट्ट कशाला?" असं वकीलबाईंनी विचारलं. डॉक्टर लिहितीलच. पण सभेत डॉक्टर बोलले नव्हते.

भाचीबरोबर निरोप धाडला आहे. चहाचं आधण ठेवलं आहे. दादा आला नाही तर शेजारच्या शिंपीकाकांची सही घ्यावी, आणि मला कोणी काही विचारू नये.

स्थळ: माझं राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ जानेवारी, सकाळचे साडेदहा
सही: (बहीण, जीवशास्त्राची बाई)

साक्षीदार पहिले: कुटुंबाचे डॉक्टर. बाईंना मी तपासलं. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सही.

साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ, प्रार्थनेचे निवृत्त सर. बहिणीने माझ्यासमोर सही केली. तिचं डोकं ठिकाणावर आहे. तेव्हाही होतं. तो पाठ मला आजही पटलेला नाही. मोरचूद मी विसरलो नव्हतो. सही.