डाव्या गालावरची घडी

प्रिय छबे,

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, शब्द माझे. मी बोलेन तसंच लिहायचं, मध्ये सुधारायचं नाही, अशी तिला शपथ घातली आहे. पेन उघडल्याबरोबर तिनं विचारलं, आधी तब्येतीचं लिहायचं का? म्हटलं, लिही बाई. तर तब्येत बरी आहे. गुडघे तुझ्या भावासारखे आहेत, कुरकुरतात खूप आणि शेवटी मुकाट्यानं ऐकतात. आता तू म्हणशील, रविवारीच तासभर फोनवर बोललो, मग हे पत्र कशाला? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. आणि दिलंस तरी मी थट्टा करून निसटते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. वहिनीसमोर तसं निसटता येत नाही. ती पेन रोखून, भुवया वर करून, पुढे काय म्हणून बघत बसते. आता हेही लिहिलंन.

तर तुझा फोटो. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला तू दुसऱ्यांदा चेहरा ताणून घेणार आहेस. पहिल्याला सोळा वर्षं झाली, शिवण सैल पडली, असं तूच म्हणालीस. डॉक्टर या वेळी नवे आहेत, त्यांना तरुणपणचा फोटो हवा आहे. तुझ्याकडचा जुन्या डॉक्टरांनी ठेवून घेतला, म्हणून माझ्या पेटीतली दुसरी प्रत तुला हवी आहे. मी म्हटलं, अगं, साठीला टेकलीस, लेकीला दिवस गेलेत, बाळाला आजी कोण आणि मावशी कोण ते तरी कळू दे. चेहऱ्यालाही जरा बसू दे, उभा राहून दमला असेल बिचारा. एरवी तू खळखळून हसतेस. या वेळी हसली नाहीस. म्हणालीस, आई, मला कुणासारखं दिसायचं नाहीये, मला माझ्यासारखं दिसायचंय. त्या फोटोत आहे तशी. त्यावर मी दूध उतू जातंय म्हणून फोन वहिनीच्या हातात कोंबला. दूध नव्हतंच घरात.

मी तुला अडवायला हे लिहीत नाही, हे आधी ऐक. चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना इस्त्री करून मी तुम्हा दोघांना वाढवलं, मी कोणत्या तोंडानं अडवणार? आठवतो ना तुला मास्तरांचा फोटो स्टुडिओ? अरुंद जिना, वर दोन खोल्या. पुढची मास्तरांची, तिच्यात तो तीन पायांचा कॅमेरा आणि रंगवलेला पडदा. त्या पडद्यावरच्या बागेत बाराही महिने एकच फूल. मागची खोली माझी. मी तिथे झाडलोट करायला लागले होते. एक दिवस भिंगावरचा केस मी चिमटीनं उचलला आणि मास्तर माझ्या हाताकडे बघतच राहिले. म्हणाले, बाई, तुमचा हात हलत नाही. लिहिता येतं का? म्हटलं, नाही हो. म्हणाले, उत्तम, म्हणजे पेन्सिल धरायची वाईट सवय लागलेली नाही. अशी मी कारागीर झाले. ज्या हातानं कधी अक्षर गिरवलं नाही, त्या हातात जन्मभर पेन्सिल राहिली.

वहिनीला हे काम माहीत नाही, म्हणून तिच्यासाठी सांगते, तू पुढचं सोडून वाच. उतरत्या मेजाला मधे दुधी काच, खाली आरसा, तो खिडकीतला उजेड वर फेकायचा. काचेवर निगेटिव्ह. तिथे सगळं उलटं असतं, काळे केस पांढरे, पांढरा शर्ट काळा, आणि माणसाच्या सुरकुत्या काचेसारख्या स्वच्छ. त्या स्वच्छ रेघांवर आधी औषधाचा थेंब चोळायचा, मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं एकेक ठिपका भरत जायचा. रेघ भरली की कागदावर ती उमटतच नाही. बाई दहा वर्षांनी लहान. तू शाळेतून आलीस की माझ्या मेजाखाली बसून पॉलिशपेपरवर पेन्सिलींना टोकं करायचीस. नाक काळं, बोटं काळी, आणि तोंडानं अखंड बडबड. मास्तर म्हणायचे, या पोरीला कुणीतरी निगेटिव्ह करा, निदान पांढरी तरी दिसेल.

आणि तो आग विझवणारा आठवतो? त्याच्या कपाळावर भाजल्याचा हा एवढा डाग होता. मी तीन तास खपून तो असा काही घालवला की मास्तरांनी मला चहा पाजला. माणूस फोटो न्यायला आला, बघितला आणि म्हणाला, हा कोण? मग कपाळावर बोट ठेवून म्हणाला, बाई, हा डाग ज्या घरात मिळाला त्या घरातून दोन माणसं मी बाहेर काढलीत, तो मला परत द्या. मी कापसावर टर्पेंटाइन घेऊन पेन्सिल पुसून टाकली, डाग होता तिथे परत आला. तू मेजाखालून डोकं काढून विचारलंस, आई, पुसता येतं? मी म्हटलं, सगळं पुसता येतं. त्यावरून मला काही शिकता आलं असतं. पण मी तेव्हा चहाच्या धुंदीत होते.

आता तुझ्या फोटोकडे येते. सूनबाई, पाणी दे आधी. तू बावीसची होतीस. हॉटेलात पुढच्या टेबलावर पाहुण्यांचं स्वागत करायची नोकरी निघाली होती आणि अर्जाला फोटो हवा होता. माझी निळी साडी नेसलीस. मास्तर काळ्या फडक्याखाली शिरले आणि ऐन वेळी शिंकले, कॅमेरा हलला, तू खदखदून हसलीस. दुसऱ्या वेळी हसू पुरतं मावळायच्या आत त्यांनी टिपलं. तोच तो फोटो. नोकरी लागली. तू तो चौकटीत घालून भिंतीवर लावलास, लग्नात सोबत नेलास. बावीसची पोर, चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, मग मी त्यात काय केलं असेल असं तुझ्या मनातही आलं नाही. ती निगेटिव्ह माझ्याकडे तीन संध्याकाळी होती, छबे.

मग एकवीस वर्षांनी हॉटेलात नवा साहेब आला आणि त्यानं तुला पुढच्या टेबलावरून उचलून मागे टेलिफोनच्या खोलीत बसवलं. काय रडली होतीस त्या रात्री! पैसे साठवून तू ते पहिलं करून घेतलंस. मी दवाखान्यात येऊन राहिले. पट्ट्या सुटल्या, सूज उतरली, डॉक्टरांनी एका हातात तो फोटो धरला आणि दुसऱ्या हातानं तुझी हनुवटी माझ्याकडे वळवली. म्हणाले, बघा आजी, फोटोबरहुकूम. मी बघितलं. कारागिराला स्वतःचं काम लांबूनही ओळखू येतं, गं. डाव्या गालावर मी ठिपका ठिपका भरलेली जागा तशीच्या तशी, पण आता जिवंत, माझ्याकडे बघून पापण्या मिटणारी. मी छान झालंय म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. आई आनंदानं रडली असं तू सगळ्यांना सांगत सुटलीस. मी सांगू दिलं.

त्या फोटोतला चेहरा तुझा नाही. माझ्या हातचा आहे. तू हसलीस की तुझ्या डाव्या गालावर, नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत, एक खोल घडी पडायची. उजव्या बाजूला काही नाही, सगळं हसू डावीकडेच. त्यानं तोंड किंचित वाकडं दिसायचं आणि फार गोड दिसायचं. मास्तरांनी फोटो काढला तेव्हा ती होती. मी ती भरून टाकली आणि ओठाची कड सरळ केली. एवढंच केलं. बाकी नाक, डोळे सगळं तुझं आहे. पण छबे, एवढंच केलं, हे मी सोळा वर्षं स्वतःला सांगते आहे आणि मला ते पटत नाही.

ती घडी तुझ्या वडिलांची होती. तो हसला की त्याचा डावा गाल असाच दुमडायचा, आणि तो फार हसायचा, मेला. त्याच हसण्यावर मी भाळले होते. तू आठ वर्षांची, तुझा भाऊ माझ्या पोटात, आणि हा चाकाला हवा भरून आणतो म्हणून सायकल घेऊन गेला तो गेलाच. तू नंतर कितीदा विचारायचीस, आई, मी बाबांसारखी दिसते का? मी दर वेळी सांगायचे, छे, तू थेट माझ्या आईवर गेलीस. तू दिसत होतीस त्याच्यासारखी. जेवताना, भांडताना, कागदावर चित्र काढताना. दिवसभर मी त्याला विसरायचे आणि संध्याकाळी तू हसून दारात उभी राहायचीस.

सोमवारी पेटी उघडली. वहिनीनं तळापासून सगळं बाहेर काढलं. तुझी प्रत सापडली आणि तिच्या पाकिटात निगेटिव्हही सापडली. मी कापूस आणि टर्पेंटाइन मागवलं. माझा हात आता हलतो, मास्तरांनी बघितला असता तर हाकलून दिलं असतं. पण भरायला हात स्थिर लागतो, पुसायला नाही लागत. मास्तरांचा मुलगा त्याच जिन्याच्या वर आता पासपोर्टचे फोटो काढतो. त्यानं खटपट करून तिची नवी प्रत काढून दिली. या पाकिटात दोन फोटो आहेत, एक तू मागितलेला आणि एक तो. दुसरा हातात आल्यावर तुझी वहिनी, जिनं तुझं कधी कौतुक केल्याचं मला आठवत नाही, ती म्हणाली, अय्या, वन्सं किती गोड दिसायच्या! हे लिहायला ती तयार नव्हती.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते. त्याच पाकिटात दोन कार्डं होती. मला ती वाचता येत नाहीत, पण त्यांत काय आहे ते मास्तरांनी तेव्हाच वाचून दाखवलं होतं, आणि सोमवारी वहिनीनं पुन्हा वाचलं. दोन्ही तुझ्या वडिलांची आहेत. तो गेल्यावर चौदा वर्षांनी पहिलं आलं, तुझा फोटो काढला त्याच आठवड्यात. तो आजारी होता. त्यानं लिहिलं होतं, मुलीचा एक फोटो पाठव, दुसरं काही मागत नाही. मी पाठवला. मास्तर म्हणाले, बाई, आहे तसाच पाठवा. मी तीन संध्याकाळी बसले आणि त्यात त्याचं म्हणून जे जे होतं ते सगळं भरून टाकलं, मग पाठवला. अर्जाला लागला तो त्याच निगेटिव्हचा. दुसरं कार्ड महिन्याभरानं आलं. त्यात लिहिलंय, मुलगी छान आहे. माझ्यासारखी कुठेच दिसत नाही, बरं झालं. मास्तरांनी ते वाचलं आणि माझ्या मेजावर उलटं ठेवून पुढच्या खोलीत निघून गेले. मला मात्र त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं होतं. वर्षभरात तो वारला. बातमी आली तेव्हा तू खांदे उडवून म्हणालीस, त्यांनी कधी माझी चौकशी तरी केली का? आणि मी पेटीतली ही कार्डं तुला दाखवली नाहीत. केली होती, छबे. कार्डं सोबत ठेवली आहेत. सात तारखेला जायचं तर जरूर जा, मी सोबत येऊन राहीन, डॉक्टरांना कुठला फोटो द्यायचा तेही तूच ठरव. माझ्यावर चिडायचं तर चीड, फोनवर दूध उतू जाऊ देणार नाही. माझं भांडण त्याच्याशी होतं, ते मी तुझ्या गालावर काढलं. त्याला मी तुझा खरा चेहरा दाखवला नाही आणि तुलाही दाखवला नाही. त्याला दाखवायचं आता राहूनच गेलं. तुला दाखवते आहे.

तुझीच,
आई