फोटोत न उतरलेलं पाणी

बाबा, तुमच्या डार्करूममध्ये आता माझा मुलगा मोटारसायकल ठेवतो. भिंतींना अजून फोटो धुण्याच्या हायपोचा वास येतो असं मला वाटतं. तो म्हणतो, काही येत नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी नागपूरहून पोलरायझिंग फिल्टर आणला, तेव्हा लाखांदुरात तसली काच कुणाकडे नव्हती. लेन्सवर चढवायची आणि कडी हळूहळू फिरवायची. आभाळ गडद होतं, ढग उठून दिसतात, पाण्यावरची चमक पुसली जाते. तुम्ही तलावाच्या पाळीवर उभे राहून त्यातून बराच वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "काच बढिया आहे. पण पाण्यावर जपून लावजो. चमक गेली का पानीच गेलं." मी हसलो. जन्मभर पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे ग्रुप काढणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार, असं मला वाटलं होतं.

त्याच श्रावणात दिघोरीच्या पुढच्या एका गावात तलाव फुटला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपून आठवडाही झाला नव्हता; शेतातल्या बांध्या पाण्याखाली गेल्या. तिथली एक बाई दुकानात आली. तिच्या लेकीच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढले होते. "भाऊ, भरपाईच्या अर्जासंग फोटो लागते म्हन्तेत. पानी आहे तवरच चाला." तुम्ही तापानं फणफणला होतात, म्हणून मी गेलो. ऊन पडलं होतं, गढूळ पाणी डोळ्यांवर चकाकत होतं. मी फिल्टर लावला. किती बुडालं ते दाखवायला ती बाई कमरेइतक्या पाण्यात उतरून उभी राहिली, तर फ्रेम बिघडते म्हणून मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. अख्खा रोल तसाच काढला.

प्रिंट तुम्ही तापातच काढल्यात. ओला कागद हातात धरून विचारलंत, "पानी कुठी आहे रे?"

"आहे ना, नीट पाहा."

"उद्या सकाळच्या एसटीनं जा. काच न लावता काढून आण."

मी गेलो नाही. दोन दिवसांत पाणी ओसरलं.

अर्ज परत आला. फोटो पाहून तहसीलचे साहेब म्हणाले होते, ही तर रोवण्याआधी चिखलणी केलेली बांधी आहे, बुडालं काय? ती बाई चार माणसं घेऊन दुकानात आली. "भाऊ, आमचं पानी गेलं कुठी?" तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोललो, "बाबांच्या हातून धुताना बिघडले. ताप होता त्यांना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग तिला म्हणालात, "हो बाई. माह्याच्यानंच चुकलं."

त्या हिवाळ्यात त्या गावचं एकही लग्न आपल्याकडे आलं नाही. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुमच्या तेरवीला ती बाई आली होती. पानावर बसताना म्हणाली, "मानूस लय चांगला होता. त्या वक्ती तेवढा हात चुकला." मी हो म्हणालो.

तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. ती बाई अजून आहे, बाबा. म्हातारी झाली, पण आहे. तिच्या गावाला रोज बस जाते. मी अजून गेलेलो नाही.