साफ झालेली कार्डं आणि वाचलेला एक खोका

मी, अश्लेषा यशवंत खांबेटे, वय २६, मास्टर्सची विद्यार्थिनी, राहणार एर्लांगेन, जर्मनी, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितेय. इथे टाइप केलेलं चालत नाही. इंग्लिश मीडियमचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. सोमवारी माझं थायरॉइडचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, रुटीन आहे. माझी कार्डं ‘साफ’ केल्यावर दादाही असंच म्हणाला होता.

१. सायकल संपदावहिनीला. बाकीचं किरकोळ आईला.

२. माझी कार्डं. जुन्या इंग्लिशमध्ये साधी माणसं रोजचे शब्द कसे लिहायची, ते मी चार वर्षं जमवलं. sope, chese, shooes, musick. एकच बाई एकाच पानावर साबण तीन प्रकारे लिहायची आणि तिचं काही अडायचं नाही. मला हे भयंकर आवडतं. एका कार्डावर एक शब्द, अशी चार हजार कार्डं, बुटांच्या सात खोक्यांत, दादाच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात होती.

३. माझा भाऊ प्रद्युम्न. सॉफ्टवेअर कंपनीत डेटा क्वालिटीचा लीड. माझ्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून त्याने कार्डं स्कॅन केली, प्रोग्राम लावून ‘चुका’ सुधारल्या, जागा खातात म्हणून स्कॅन उडवले आणि खोके रद्दी कागदाच्या निळ्या टॉनेत, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मी फाइल उघडली. soap, soap, soap.

"नाइंटी नाइन पर्सेंट क्लीन आहे बघ."

"दादा, त्या चुका हाच डेटा होता."

"मग कॉलमला तसं नाव द्यायचंस ना."

दोन डिग्र्या आहेत या माणसाकडे. त्याला मी माझी इस्त्री देते. त्याला सगळं सपाट लागतं.

४. दादाची मुलगी केया, वय नऊ. कचऱ्याचा ट्रक यायच्या आधी टॉनेत अर्धी वाकून तिने एक खोका बाहेर काढला. का गं, विचारलं, तर म्हणाली, "दी सिंड लुस्टिश." गमतीशीर आहेत म्हणे. घरात कार्डांची किंमत कळलेली ही एकटीच.

तो खोका, आतल्या ६१२ कार्डांसकट, केयाचा. तो स्कॅन करू नये, सुधारू नये, दादाने झाकणालाही हात लावू नये. केयाला नवी कार्डं घालायची असतील तर घालू द्या. सोमवारनंतर मी असले, तरी खोका तिचाच.

इथे साक्षीदार लागत नाहीत. पण त्यांच्याशिवाय आईला हे खरं वाटणार नाही. आणि दादाने हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी हॉस्पिटलमध्ये पाय ठेवणार नाही.

एर्लांगेन, शनिवार, १४ मार्च २०२६
(सही) अश्लेषा यशवंत खांबेटे

साक्षीदार १: (सही) संपदा प्रद्युम्न खांबेटे. खोके टाकले तेव्हा मी घरी नव्हते.

साक्षीदार २: (सही) प्रद्युम्न यशवंत खांबेटे. पूर्ण वाचलं. चार चुका दिसल्या. तशाच ठेवल्यात.